ठळक अक्षरांची राखण

यजमानांच्या रेल्वेतल्या बदलीमुळे विजयाताई सरदेशमुख वर्ध्याहून जयपुरास आल्या आणि आमच्या जगतपुऱ्यातल्या महाविद्यालयात ग्रंथपाल झाल्या. मी तिथे वनस्पतिशास्त्र शिकवीत असे. त्यांच्या पहिल्याच दिवशी ग्रंथालयात कपाटापाशी उभा राहून मी शाळेतली एक जुनी कविता गुणगुणत होतो. मागून ताईंचा आवाज आला, "सर, चाल चुकली." या गावात, अशी मराठी! हातातले पुस्तक तसेच धरून मी मागे वळलो.

परदेशी नियतकालिके तेव्हा टपालाने फार उशिरा येत. ग्रंथालयात नुकताच संगणक आला होता. ताईंनी त्यावर शैवालशास्त्राच्या नियतकालिकाची फीड जोडून घेतली. नवा लेख प्रसिद्ध झाला की त्याचे शीर्षक आपोआप पडद्यावर उतरे. न वाचलेले ठळक अक्षरांत. रोज सकाळी ती शीर्षके ताई सुंदर अक्षरात चिठ्ठीवर उतरवून माझ्या टेबलावर ठेवीत. मी ती लयीत म्हणून पाही. "सर, शीर्षकं आहेत ही, आर्या नव्हेत!" त्या हसत.

माझी विद्यार्थिनी रेखा सांभर सरोवरातल्या एका शैवालावर प्रबंध लिहीत होती. 'प्रथमच नोंद' हा तिचा मुख्य दावा. प्रबंध आठ दिवसांत द्यायचा, आणि ताई नेमक्या रजेवर. फीड त्यांनी माझ्यावर सोपवली होती. इतकी ठळक अक्षरे पाहून मला हजेरीपट अपुरा राहिल्यासारखे वाटले. 'सर्व वाचले' हे बटण दाबले. पडदा कसा स्वच्छ झाला!

ताई परतल्या. "वाचलंत सगळं?"

"एकूण एक."

"मतलब, वाचलंत की दाबलंत?"

मी चष्मा पुसू लागलो.

एका शब्दानेही न दुखवता त्यांनी एकेक शीर्षक पुन्हा उघडले. त्यांतच एक लेख निघाला: तेच शैवाल, दुसऱ्या देशातल्या खाऱ्या सरोवरात आधीच नोंदलेले. रेखाने शीर्षक वाचले. "तीन साल, मॅडम!"

"परीक्षक से पहले हमने पढ़ लिया ना, बेटा? रोना बाद में, पहले प्रिंट."

रेखाने दावा खोडला, दोन सरोवरांची तुलना लिहिली. उरलेल्या दिवसांत ताई स्वतःच्या घरचे डबे आणून तिला खाऊ घालीत. परीक्षकांनी नेमके तेच प्रकरण वाखाणले. रेखा आज स्वतः शिकवते. अशा ग्रंथपाल आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या सभासद आहेत, याचा मला केवढा अभिमान!

विजयाताईंनी आता साठी गाठली. त्यांना निरामय, दीर्घ आयुष्य लाभो. रोज सकाळी काहीतरी नवे, न वाचलेले त्यांच्यासमोर उतरत राहो. आणि ताई, हा लेख छापण्यापूर्वी मी शब्दन् शब्द वाचला आहे. दाबलेला नाही.