लोणारचा किनारा

समुद्र लेखकाला घडवतो, असं माझ्या सत्काराच्या अध्यक्षांनी जड आवाजात सांगितलं. माझ्या सगळ्या कादंबऱ्या कोकणच्या किनाऱ्यावर घडतात, त्यामुळे सभागृहानेही माना डोलावल्या. मी मात्र समुद्रापासून शेकडो मैल दूर, लोणारजवळच्या सुलतानपूरचा.

काल रत्नागिरीहून मेहुण्याने सुकट पाठवली. डबा उघडताच वास घरभर झाला आणि मला लग्नानंतरचे दिवस आठवले.

रत्नागिरीहून लग्न होऊन आलेली शैला तेव्हा खिडकीशी बसून राहायची. "इथल्या वाऱ्याला वासच नाही," म्हणायची. ही माहेरी गेली की परत येत नाही, असं गावाने ठरवून टाकलं होतं. मलाही तीच धास्ती होती.

रीतीप्रमाणे आई आम्हा नव्या जोडप्याला लोणारच्या सरोवराकाठी देवीच्या दर्शनाला घेऊन गेली. उतरणीवरची झाडी संपली तसा कुजका, खारट वास आला. मी शरमलो. शैला मात्र थेट पाण्याशी गेली आणि ओलं बोट तिने जिभेला लावलं.

"अगो बाई, खारं! आई, आधी का नाही सांगितलंत?"

"काऊन वं? खारं पानी काय सांगाची गोष्ट हाय?"

शैला खळखळून हसली. मग उन्हं कलेपर्यंत काठावर बसून ती मला भरती, होड्या, जाळी सांगत राहिली. माझ्या कादंबऱ्या तिथे सुरू झाल्या, हे नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं, की ही राहणार. माझा जीव भांड्यात पडला.

निघताना तिने आईला विचारलं, "इथे मासे कुठले मिळतात?"

"याच्यात मासा जगतच नाही, माय."

तेव्हापासून सुकट रत्नागिरीहून येते.