चाखणीची सही

स्वातंत्र्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात माझे पोस्टिंग कल्याणजवळच्या छावणीतल्या लष्करी इस्पितळात झाले. रँक लेफ्टनंट, काम वॉर्ड सिस्टरचे. माहेर ठाण्याला, इतके जवळ. तरी महिन्यातून एकदाच जायला मिळे. वॉर्डात बावीस खाटा, बहुतेक काश्मीरहून आलेले जखमी. मुलांनो, युद्ध मी पाहिले नाही. त्यातून परतलेले पाहिले.

क्रम ठरलेला. ५.३० तापमान, ७.०० ड्रेसिंग, ९.०० राउंड, ११.३० चाखणी, १२.०० जेवण. चाखणी म्हणजे वॉर्डात जाणारा प्रत्येक पदार्थ ड्यूटीवरच्या सिस्टरने आधी स्वतः खायचा आणि वहीत लिहायचे: चाखले, ठीक. खाली वेळ आणि सही. सहीशिवाय ट्रॉली हलत नसे.

कुक हवालदार धोंडू कदम साताऱ्याकडचा. मागच्या युद्धात इराक, इजिप्त, इटली असा फिरलेला. डाळ-रोटीच्या बाजूला तो रोज काहीतरी वेगळे वाढी. इटलीची मक्याच्या पिठाची घट्ट लापशी, थापून दोऱ्याने वड्या कापलेली. इजिप्तचे मंद आचेवर शिजवलेले वाल, वर कच्चा कांदा. गोऱ्यांचा कोबी-बटाटा, उकडून परतलेला.

जवान आधी वास घेत, मग शेजाऱ्याकडे पाहत.

"हवालदार, हे म्हशीपुढचं आमच्या ताटात कसं आलं?"

"म्हशीनं नको म्हटलं. म्हणाली, आधी तुला वाढ."

मलाही त्याचा संशय होता. बोलताना तो नजर देत नसे. रेशनमध्ये नसलेली भाजी त्याच्याकडे असे. कुठून आणली विचारले तर, "डोंबिवलीचा एक शेतकरी देतो," एवढेच. मी झाकणे उघडून पाही, कोठीत अचानक डोकावे. कधी काही सापडले नाही. त्यामुळे संशय वाढलाच.

त्या दिवशी इराकचा पदार्थ होता. उकडून वाळवलेल्या गव्हाचा भरडा भिजवून त्यात टोमॅटो, पुदिना आणि भरपूर लिंबू. ११.३० ला कदमांनी चमचा पुढे केला.

"बाईसाहेब, चाखा."

"ठेवा तिथे."

माझी संकष्टी होती. चंद्रोदयापर्यंत तोंडात धान्याचा कण नाही, ही आईची शिस्त. उपासाचे कारण सांगून दुसऱ्या सिस्टरला बोलवायची मला लाज वाटली. मी लिहिले: चाखले, ठीक. कदमांनी चमच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि ट्रॉली ढकलली.

१२.५० ला पहिली उलटी. १.१० पर्यंत नऊ जण. मी इस्पितळाच्या मेजरसाहेबांना फोन लावला.

"वॉर्ड थ्री. नऊ जणांना उलट्या. जेवणातून असावं, सर."

"कुक कुठे आहे?"

"किचनमध्ये."

"किचन सील करा. त्याला हलू देऊ नका."

दारावर दोन शिपाई उभे राहिले. वॉर्डात कुजबूज सुरू झाली की कदमने विष घातले. मी किचन उलटेपालटे केले. सडका टोमॅटो, नाल्याकाठचा पाला, काहीतरी सापडणारच अशी माझी खात्री होती. शेवटी मोठे पितळी पातेले उजेडात कलते केले. आतली कल्हई उडाली होती. पिवळा धातू उघडा पडला होता, कडेला हिरवी रेघ. तळाचा एक कण मी जिभेवर ठेवला. कडू, तुरट. आंबट पितळेला लागून कळकलेले.

"कल्हईसाठी स्टोअरला तीनदा सांगितलं," कदम म्हणाले. "ॲल्युमिनियमची सगळी भांडी अडकलेली. सकाळी सहाला मी चाखलं, तवा बरं होतं."

साडेपाच तास लिंबू पितळेत राहिले होते. ११.३० ची चाखणी त्यासाठीच होती.

शिपाई गणू शेलारच्या पोटाला स्प्लिंटरची जखम होती. उलट्यांच्या ताणाने आतले टाके तुटले. ४.२० ला ऑपरेशन थिएटरमध्ये नेला. ६.०५ ला तो गेला.

दुसऱ्या दिवशी १०.०० वाजता चौकशी. मेजरसाहेबांनी वही उघडली.

"चाखलं कोणी?"

"बाईसाहेबांनी, सर. माझ्यासमोर," कदम म्हणाले. "ठीक होतं."

"म्हणजे जे झालं ते त्यानंतर, तुझ्या हातून?"

"तसंच असंल, सर."

मी कदमांकडे पाहिले. हा माणूस माझ्यासाठी खोटे का बोलतो? याला पुढे काय हवे आहे? त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात हेच आले. ते भिंतीकडे पाहत होते. त्या उत्तराने त्यांच्या हुद्द्याच्या फिती, पेन्शन, सगळे जाणार होते, आणि ते त्यांना माहीत होते.

मी उभी राहिले. "सर, मी चाखलं नव्हतं. उपास होता. सही खोटी आहे."

मेजरसाहेबांनी पेन खाली ठेवले. "लेफ्टनंट, हे लिहून द्याल?"

दिले. माझे प्रमोशन थांबले. पातेल्यासाठी कदमांची एक फीत गेली, नोकरी राहिली. ते खोटे का बोलले, हे मी त्यांना कधी विचारले नाही.

तिसऱ्या दिवशी गणूचे वडील गावाहून आले. अंत्यसंस्कार होऊन गेले होते. व्हरांड्यातल्या बाकावर बसवून मी त्यांना सगळे सांगितले. पातेले, उपास, सही. त्यांनी ऐकून घेतले.

"बाई, जेवला व्हता का पोटभर?"

"हो. दुसऱ्यांदा मागून घेतलं त्यानं."

"घरी कधी मागत नव्हता," ते म्हणाले. "धाकट्यांना कमी पडंल म्हणून."

गणूचे नाव कुठल्या स्मारकावर नाही. तो रणात पडला नाही. म्हणून इथे लिहिते. शिपाई गणू शेलार, वॉर्ड थ्री, खाट सात. वय बावीस.