जिभेवर मुंग्या

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. तीन माणसं रोज एका पत्र्याच्या शेडमध्ये बसून वाळलेली पानं चुरत असली, की कोपऱ्यात चुरा साचतो तसे तेही साचतात. आमचे बहुतेक किस्से दिलीपदादाच्या जिभेचे आहेत. त्या जिभेवर आमचा धंदा चालायचा आणि त्याचं घरही. आता ती जीभ पूर्वीसारखी राहिलेली नाही, त्यामुळे सांगताना नेमकं कुठे हसायचं ते मला कळत नाही. तुम्ही तुमच्या सोयीने हसा.

शेड धायरीत आहे. मालकीण मधुरा. कंपनीच्या बसमध्येच आयुष्य संपेल म्हणून तिने हिंजवडीची नोकरी सोडली आणि हर्बल स्मोक काढलं, म्हणजे तंबाखू नसलेली सिगारेट. आत तुळस, गुलाबपाकळ्या, कसली कसली परदेशी पानं आणि सगळ्यांत भारी माल म्हणजे इकिनेशिया. जांभळ्या फुलाचं परदेशी झाड. सर्दीला बरं, प्रतिकारशक्तीला बरं, म्हणून लोक त्याचा चहा पितात. ते धुरातून घेतल्यावर काय होतं, असं कुणी विचारलं की मधुरा "वेलनेस" म्हणायची आणि विषय बदलायची. मी फोन आणि पॅकिंग बघते. दिलीपदादा टेस्टर. प्रत्येक मिश्रण आधी तो ओढणार, मगच ते पाकिटात जाणार, असा आमचा नियम!

*

त्याच्या मुलाखतीला मी हजर होते. दादा आधी टेम्पो चालवायचा. मधुराने लॅपटॉप उघडून अनुभव विचारला. दादा म्हणाला, शाळा सुटल्यापासून सिगारेट ओढतोय मॅडम, मध्ये खंड नाही.

मधुराने "रिलेव्हंट आहे" म्हणून त्याला घेतलं.

इथे आल्यावर त्याने खरी सिगारेट सोडली, हे मात्र मान्य करायला हवं. त्या आनंदात त्याच्या बायकोने, शोभावहिनींनी, आम्हाला डबा भरून गुळाच्या पोळ्या पाठवल्या होत्या. मधुरा त्या खाताना म्हणाली की आपण एक संसार वाचवला. मलाही तेव्हा तसंच वाटलं.

*

इकिनेशियाची एक गंमत आहे. अस्सल मूळ चावलं की जिभेला मुंग्या येतात, थोडा वेळ ती बधिर होते. पुरवठादाराचा काही भरवसा नाही, म्हणून पोतं आलं की दादा एक तुकडा दाढेखाली धरायचा, डोळे मिटायचा आणि थोड्या वेळाने बोट वर करायचा. बोट वर, म्हणजे माल पास.

एकदा कुणी गुंतवणूकदार शेड बघायला आले. टाय वगैरे लावून. त्यांनी विचारलं, तुमची लॅब कुठे आहे? मधुराने कोपऱ्याकडे हात केला. तिथे दादा जीभ बाहेर काढून बसला होता.

ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत.

*

दादा विश्रांतवाडीचा. रविवारची विहारातली वंदना चुकवायचा नाही. तिथे पंचशील म्हणताना मादक पदार्थांपासून दूर राहीन असं म्हणायचं असतं, आणि याच्या शर्टाला धुराचा वास. शेवटी एका वयस्कर उपासकांनी त्याला बाजूला घेतलं. दादाने आमच्या पाकिटावरचा सगळा मजकूर त्यांना ऐकवला. तंबाखू नाही, नशा नाही, सवय लागत नाही, सगळी औषधी झाडं आहेत.

गृहस्थांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ओढायचं कशाला?"

मधुरा म्हणाली, हा प्रश्न वेबसाइटवर घ्यायला नको.

*

पेठेतल्या एका आजोबांचा फोन आला होता. मी नमस्कार म्हटलं. त्यांनी तो घेतला नाही. म्हणाले, आपल्या पाकिटावर "फुप्फुसांना आराम" असं छापलंय. मी म्हटलं, हो.

"कायमचा का?" असं विचारून त्यांनी फोन ठेवला!

मी हे दादाला सांगितलं. तो इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि तो ठसका बराच वेळ थांबेना. मग त्याने गरम पाण्यात इकिनेशिया घालून घेतलं. आमच्याकडे कुणालाही काहीही झालं तरी तेच देत असत.

*

हिंजवडीत एका कंपनीत वेलनेसचा दिवस होता. आम्ही स्टॉल लावला. पलीकडे योगावाले, अलीकडे नाचणीची बिस्किटं. एक मुलगा आला आणि म्हणाला, मी तुमचा जुना कस्टमर आहे. प्रत्येक सिगारेटनंतर मी तुमची एक ओढतो, म्हणजे बॅलन्स होतं.

मधुराने मला कोपराने ढोसलं, की गप्प राहा. दादा मात्र त्याला म्हणाला, "अरे, आधीची सोड ना. मी सोडली. बघ माझ्याकडे."

मुलाने बघितलं. दादा बोलताना अलीकडे तोंड एका बाजूने जरा कमी उघडायचा. मुलगा दोन पाकिटं घेऊन गेला.

*

या हिवाळ्यात एक पोतं आलं. दादाने मूळ चावलं, बोट वर केलं. त्या दिवशी मधुराने सहज एक तुकडा तोंडात टाकला. तिला काहीच कळेना. मला दिला. मला वाळलेलं गवत चावल्यासारखं वाटलं. मुंगी नाही की काही नाही. दादा म्हणे, फस्ट क्लास माल आहे, जीभ बधिर झालीय माझी.

मधुराला वाटलं, याचं आणि पुरवठादाराचं काही साटंलोटं आहे. तसं तिने त्याला तोंडावर म्हटलंही. दादा नुसता बाहेर जाऊन उभा राहिला. तिने तुकडा तपासायला पाठवला. उत्तर आलं की हे इकिनेशिया नव्हेच, भलत्याच कसल्या झाडाचं मूळ आहे.

तिने दादाला बोलावलं आणि विचारलं, यात मुंग्या कुठून आल्या तुम्हाला?

"आल्या, मॅडम, खोटं कशाला बोलू? आत्ताही येतायत."

"आत्ता काय चावलंत?"

"आज काहीच नाही."

मी हसले. मधुरा हसली नाही. तिने मोबाइलचा टॉर्च लावला आणि त्याला तोंड उघडायला सांगितलं. जिभेच्या कडेला पांढरट चट्टा होता आणि मध्ये जखम. कधीपासून आहे, असं विचारलं तर दादा म्हणाला, पावसाळ्यापासून असेल. त्याला वाटत होतं की माल चांगला येतोय! तेव्हापासूनचं प्रत्येक पोतं त्याने पास केलं होतं.

*

डॉक्टरांनी विचारलं, काय काय ओढता? दादाने अभिमानाने सांगितलं की सिगारेट कधीच सोडली, आता फक्त औषधी. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. बहुतेक मी नात्यातली आहे असं त्यांना वाटलं असावं. कुठल्या धुराने काय केलं ते आता सांगता येणार नाही, पण धूर कुठलाच चालणार नाही, असं ते म्हणाले. माझ्या पिशवीत आमची पाकिटं होती. मला त्यांची इतकी शिसारी आली की पिशवी मी मांडीवरून खाली ठेवली.

ऑपरेशनमध्ये जिभेचा बराच भाग काढावा लागला. आता दादा काय म्हणतो ते फक्त शोभावहिनींना कळतं.

*

परवा वहिनी शेडमध्ये आल्या. साडी इस्त्रीची, केस नीट विंचरलेले. मी चहा ठेवला. दादा पातळ पेज घेतो, टीव्ही बघतो, असं त्यांनी सांगितलं. टेम्पोवाल्यांकडे विचारून झालं, ज्याला बोलता येत नाही त्याला कुणी घेत नाही, असंही सांगितलं. मधुराने त्यांचा हात धरला आणि म्हणाली, वहिनी, काळजी करू नका, दादांची जागा आम्ही दुसऱ्या कुणाला देणार नाही.

"तेच बोलायला आलेय, मॅडम," वहिनी म्हणाल्या. "ती मला द्या. मी आजवर साधी सुपारीसुद्धा खाल्लेली नाही. माझी जीभ अगदी कोरी आहे."