प्लूटोची मुंज

"मी ग्रह नाही म्हणजे काय बे? काल संध्याकाळपर्यंत तं होतो!"

आमचा मित्र ओरडला तेव्हा तर्री-पोह्याच्या ठेल्यावरच्या सगळ्या बशा बोटभर सरकल्या. तो नागपुरात गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानात असतो. तिथं त्यानं 'अस्तर' म्हणून हाक दिली की तिकडं खापा गावाला कन्हान नदीच्या पाण्यात बसलेल्या म्हशी उठून उभ्या राहतात. हे मी स्वतः पाहिलेलं नाही. म्हशींच्या मालकानं सांगितलं आहे.

ज्याच्यावर तो ओरडला तो आमचा दिग्दर्शक. सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यानं नाटकमंडळी काढली आणि आम्हा मित्रांना त्यात ओढलं. त्यानं शांतपणे पोह्यांवर लिंबू पिळलं.

"मी नाही काढलं तुला. जगातल्या शास्त्रज्ञांनी काढलं. रीतसर हात वर करून."

"मले विचारलं काय कोनी?"

नाटक दिग्दर्शकानंच लिहिलं होतं. नऊ ग्रह सूर्याकडे तक्रारी घेऊन येतात, एवढीच गोष्ट. सूर्य अर्थातच तो स्वतः. संहिता लिहून झाली तेव्हा ग्रह नऊ होते. मग ती कपाटात पडून राहिली आणि प्लूटोचं पद तेवढ्यात गेलं. जगात ती बातमी केव्हाच शिळी झाली. आमच्या मंडळीत ती त्या सकाळी पोचली. मधे रस्त्यांचं सिमेंटीकरण चालू होतं, त्यामुळे उशीर झाला असावा.

मी शनी होतो. कड्यासाठी माझ्या कमरेभोवती जुन्या कूलरची जाळी बसवली होती आणि ती निघत नव्हती. त्यामुळे माझं ग्रहपद पक्कं होतं. मी मोठ्या मनानं मध्ये पडलो.

"आपल्या नवग्रहांत प्लूटो कधी नव्हताच गा. तिथं राहू-केतू आहेत."

"मंग मले राहू करा!"

"राहूला नुसतं डोकं असतं," दिग्दर्शक म्हणाला. "तुझं बाकीचं कुठं ठेवू?"

मित्रानं पोह्यांची बशी बाजूला सारली. त्याचा आवाज उतरला की नागपुरात हवा बदलल्यासारखी वाटते. यामागचं कारण आम्हाला माहीत होतं. इतकी वर्षं आमच्या नाटकांत तो प्रेत झाला, झाड झाला, एकदा तर दरवाजा झाला आणि दोन अंक कुरकुरला. बोलायला त्याला कधी मिळालं नव्हतं. प्लूटोला मात्र पानभर स्वगत होतं: सगळ्यात लांबून फिरतो, उजेड पोचत नाही, तरी फिरणं सोडलं नाही, वगैरे. आणि या वेळी त्याची बायको नाटक बघायला येणार होती. पहिल्यांदाच. झाड बघायला ती आली नव्हती. अंगणात आहे म्हणाली होती.

"तिले सांगून बसलो न मी," तो खाली बघत म्हणाला. "आता काय सांगू? ग्रहावरून उतरवलं म्हनून?"

दिग्दर्शकानं बशी खाली ठेवली. त्याला दया येते तेव्हा तो आधी शब्दकोशात बोलतो.

"अगदीच काढलं नाही तुला. मराठीत तुला बटुग्रह म्हणतात."

"बटू म्हंजे?"

"म्हणजे बुटका," मी म्हणालो.

दिग्दर्शकानं मित्राकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. सहा फूट उंची, पोट वेगळं, मिशी त्याहून वेगळी. "बुटका हा दिसणार नाही. बटूचा दुसरा अर्थ घेऊ. मुंजीतला बटू. लंगोटी, पळसाचा दंड, खांद्याला झोळी. सूर्याच्या दारात येतो, 'ॐ भवति भिक्षां देहि' म्हणतो, मग स्वगत. उजेडाची भिक्षा मागतो. काय सुंदर अर्थ निघून राहिला!"

"आमच्याकडं मुंज नसते गा. पारशिवनीले आमची शेती होती, मुंज नोती."

"मग आता होऊन जाऊ दे."

"अन् मिशी?"

"मिशी ठेव. वय झाल्यावर मुंज लागली असं समजतील लोक."

स्वगत शाबूत राहिलं म्हणून त्यानं लंगोटी पत्करली, आणि ते घरी रोज घोकत राहिला.

प्रयोगाच्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. बुध, शुक्र वगैरे मंडळी आपापली तक्रार करून बाजूला झाली. मी जाळी सावरत बोललो, एक टाळी मिळाली. मग तो आला. लंगोटी, दंड, मिशी. झोळी पुढं करून त्यानं दुकानातला आवाज लावला: "ॐ भवति भिक्षां देहि!"

आता आमच्याकडच्या बायका हे शब्द ऐकून बसून राहूच शकत नाहीत. पहिल्या रांगेतल्या आजी उठल्या, पायऱ्या चढून रंगमंचावर आल्या आणि पर्समधली संत्रा बर्फी त्यांनी झोळीत टाकली. त्यांच्या मागं दुसऱ्या. बघता बघता रांग लागली. ती दारातून बाहेर जाऊन चौकाला वळसा घालून आली, असं तिकीटवाला शपथेवर सांगतो. खारका पडल्या, खोकल्याच्या गोळ्या पडल्या. एकीनं चष्म्याचं घर टाकलं, मग परत काढून घेतलं. एका काकूंनी त्याच्या मिशीकडे बघत विचारलं, "मातृभोजन झालं का रे बाळा?"

"झालं," तो म्हणाला. नट होता शेवटी.

मग तो सूर्याकडे वळे, "हे सूर्यदेवा..." म्हणे, आणि झोळीत पुन्हा काहीतरी पडे. सूर्य दिव्याखाली घामाघूम होऊन पुटपुटत होता, "आटप बे, आटप." आटपायला त्याचं सुरूच झालं नव्हतं. सभागृहाची वेळ संपल्याची घंटा झाली. रंगमंचावर एक बटू, एक सूर्य, आठ ग्रह आणि बायकांची रांग असताना पडदा पडला.

पडद्यामागं तो जागचा हलला नाही. भरलेली झोळी खांद्याला, दंड हातात, आणि त्यानं स्वगत म्हटलं. पूर्ण. एक शब्द न गाळता. पलीकडे खुर्च्या आपटत होत्या, माइकवर कोणीतरी गाड्यांचे नंबर पुकारत होतं. आयुष्यात पहिल्यांदा तो हळू बोलला. सूर्य गुडघे धरून खाली बसला आणि शेवटपर्यंत ऐकत राहिला.

कपडे न बदलता तो बाहेर धावला. मी मागोमाग, जाळीसकट. बायको स्कूटरजवळ उभी होती.

"काय वं," तो धापा टाकत म्हणाला, "माझं ऐकू आलं काय?"

"नाही आलं," ती म्हणाली. "मले पाठ आहे."