मंगळासाठी राखलेलं भात

धर्मा गेल्याचं मला चेंदणीच्या बंदरावर कळलं. कचेरीतून परतताना दिवा गावाकडच्या एका होडीवाल्याने हटकलं आणि म्हणाला, "रावसाहेब, तुमचा धर्मा गेला." पिठोरी अमावस्येच्या उधाणात खाडीकाठच्या खाजणाच्या बांधाला खांड पडली, ती बुजवायला तो उतरला, आणि पाण्याने त्याला परत येऊ दिलं नाही. दोन महिने होत आले, पण 'तुमचा धर्मा' हे शब्द अजून जात नाहीत... तो आमचा किती होता, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

आमच्या मंडळाची ठाण्यात थट्टा व्हायची आणि ती रास्तच होती. मंगळावर पाण्याचे सरळ पाट दिसतात असं इंग्रजी वर्तमानपत्रांत आलं, आणि आमच्या मास्तरांनी ठरवूनच टाकलं की आज ना उद्या तिथे वस्ती होणार, मग आपणच मागे का राहायचं? दर रविवारी दुपारी त्यांच्या घरी आम्ही पाच-सहा जण जमायचो. मी कचेरीत कारकून, म्हणून इथेही चिटणीस. वस्तीला जाणाऱ्यांच्या नावांची वही माझ्या ताब्यात. तिथलं वर्ष इथल्या जवळजवळ दोन वर्षांएवढं, तेव्हा वडिलांचं श्राद्ध नेमकं कधी घालायचं, यावर आम्ही तीन रविवार भांडलो आहोत. जायचं कसं, असं कुणी विचारलंच तर त्याला अरसिक ठरवून गप्प बसवायचो.

धर्मा मिठागरावर राबायचा आणि खाजणात थोडं भात पिकवायचा. एका रविवारी मास्तरांकडे मीठ घालायला आला आणि ओट्यावर बसून ऐकत राहिला. आत आमचे वकील मंगळावरच्या मामलेदारीबद्दल रंगात येऊन बोलत होते. तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "गोडा पानी कंच्या अंगाला हाय, ता बघलाव का?" कुणीच बघितलं नव्हतं. मास्तरांनी त्याला आणखी विचारलं, तेव्हा तो बोटांवर मोजत सांगू लागला, "पयला बांध घालाचा. मंग दोन-तीन पावसाला जमीन धुवाची. मंग बी टाकाचा. मानसा सगल्यांच्या शेवटाला." आमच्यात ओसाड जमीन वसवलेला माणूस तेवढा एकच होता, आणि तो दाराबाहेर बसला होता.

त्यानंतर सहा वर्षं तो येत राहिला. वयाने माझ्याहून मोठा, पण आम्ही सगळे त्याला अरेतुरेच करायचो. पहिल्याच वर्षी त्याने एकदा हळूच विचारलं, "माजा नाव लिवाल का?" मास्तर लगेच म्हणाले, "घाला हो चिटणीस." वकील माझ्या कानाशी लागले. "असली नावं यायची असतील तर माझं खोडा." मला भांडण नको होतं. मी टाक शाईत न बुडवताच वहीतल्या एका ओळीवर फिरवला; ती ओळ तशीच कोरी राहिली. धर्मा दारातून बघत होता. त्याला वाचता येत नव्हतं. तो जे हसला ते मला आजही बघवत नाही. सहा वर्षांत ती चूक दुरुस्त करायला मला एक क्षण पुरला असता, आणि मी तो काढला नाही. याला भित्रेपणा म्हणतात, दुसरा शब्द मला सापडत नाही.

गेल्या रविवारी त्याची बायको, काशीबाई, मास्तरांकडे आली. कडेवर फडक्यात बांधलेलं गाठोडं. बसा म्हटलं तरी उभीच. "आवंदा सगल्या खाजनात खारा पानी शिरला," ती म्हणाली. "गावात राता भाताचा बी कोनाकडंच नाय. आढ्याला टांगलेला ह्यो येवढाच वाचला." राता म्हणजे खाऱ्या जमिनीत तगणारं लाल भात, दुसरं तिथे येत नाही.

"मग पेरा की," मी म्हणालो.

"आमचा नाय ना तो. तुमच्या मंगलाचा हाय." तिने मला समजावून सांगितलं. वहीत नाव लागलं त्याच साली धर्माने हे गाठोडं बांधलं होतं. जुनं बी उगवत नाही, म्हणून दरसाल कापणी झाली की आधी यातलं भात बदलायचा, मग घरचं भरायचा. एका साली घरात उपास पडले तरी त्याने याला हात लावू दिला नव्हता. "आता गाव मागतंय. तुमी देवाल का?"

मास्तर डोळे पुसत आत निघून गेले. सगळं घेऊन जा, असं मी म्हटलं.

"आन बी नेला म्हून त्यांचा नाव खोडाल तं नाय?"

मी वही आणली, तिच्यासमोर उघडली आणि धर्माच्या वडिलांचं नाव विचारलं.

"लिवलेला नाय का?"

"नाही, काशीबाई," मी म्हणालो, आणि कोरडा टाक फिरवल्याचं सगळं तिला सांगितलं. ती रागावली नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने त्या कोऱ्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "हरी. धर्मा हरी." मी लिहीपर्यंत ती वाकून उभी होती. शाई वाळल्यावर तिने गाठोडं पुन्हा कडेवर घेतलं.

"पीक येऊ दे, मंग नवा बी भरून टांगीन," ती म्हणाली. "नाव हाय ना आता."