सकाळच्या माणसाचं कुलूप

गोदामाच्या वजनकाट्यावरच्या बाईंना सगळे 'फौजदार' म्हणत, अर्थात पाठीमागे. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी दोन ड्रायव्हर, एक मुकादम आणि सख्खा दीर इतक्यांना लोळवलं होतं. हात आधी, तोंड मागून, हा त्यांचा खाक्या.

शनिवारी दुपारपाळीवर त्या कॉम्प्युटर उघडून बसल्या न बसल्या तोच साहेबांनी हातात कागद ठेवला. महिनाभर रोज आठही तास स्क्रीन लॉक, म्हणजे बाई जागेवर नाहीत. सोमवारपासून येऊ नका. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, कमावणाऱ्या या एकट्याच. बाईंनी कागद टेबलावर आपटला. तडक जिना चढल्या. हे लॉक टिपणारा प्रोग्राम लिहिणारा चष्मेवाला वर बसे.

पहिल्या थपडेत चष्मा खिडकीबाहेर, दुसरीत नाकाचा घोळणा फुटला. मग कॉलरला धरून त्याला पायरीपायरीवर गुडघे आपटत खाली आणला आणि काट्याच्या कॉम्प्युटरसमोर त्याचं डोकं टेबलावर आदळलं.

"मी हितंच बसते. आता विचार तुझ्या लाडक्या प्रोग्रामला."

त्यानं रक्ताळल्या बोटांनी विचारलं. लाडका म्हणाला, लॉक. डोकं पुन्हा टेबलावर.

या खेपेला मात्र आत काहीतरी हललं. सकाळपाळीचा माणूस आपली स्क्रीन लॉक करून घरी जाई आणि बाई त्याच कॉम्प्युटरवर आपल्या नावानं शिरत. त्याचं लॉक मागे तसंच राही. बाई जाताना कॉम्प्युटरच बंद करत, म्हणून रात्री ते पुसलं जाई आणि सकाळच्या माणसाची हजेरी कधी अडली नाही. प्रोग्राम एवढंच बघे, की या कॉम्प्युटरवर कुठं लॉक आहे का. कुणाचं, हे विचारायला चष्मेवाला विसरला होता.

"चूक माझी," तो नाक दाबून घाईघाईनं म्हणाला, कारण मानेवरचा हात पुन्हा वर उचलला गेला होता. त्यानं दोन ओळी बदलल्या. आता प्रोग्राम फक्त समोर बसलेल्याचं विचारू लागला. उत्तर आलं, उघडं.

तोवर साहेब दोन पहारेकरी घेऊन धावत आले. स्क्रीनवरचं उत्तर पाहून गैरहजेरी त्यांनी खोडली, पण मारहाणीचं काय? चष्मेवाल्याला म्हणाले, तू तक्रार लिही, आत्ता हिला हाकलतो.

चष्मेवाल्यानं बाईंकडे पाहिलं. त्या रुमालानं कीबोर्डवरचं रक्त पुसत होत्या, बाह्या वरच होत्या.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "काढलंत तर उद्यापासून ह्या दिवसभर मोकळ्याच असतील."

साहेबांनी टेबलावरचा कागद उचलला आणि दोन पावलं मागं सरून फाडला.