चार ट्वीटर आणि आमचा सोफा

गेल्या दिवाळीआधीच्या रविवारी अंधेरीतल्या स्पीकरच्या दुकानात आम्ही तिघं होतो: मी, बायको आणि मनाशी ठरवलेले दोन लाख रुपये.

बोरिवलीचे दोन फ्लॅट जोडल्यापासून आमचा हॉल अठ्ठावीस फूट लांब झालाय. एवढ्या हॉलला बारीक, टोकदार आवाज काढणारे चार-चार ट्वीटर असलेले स्पीकरच हवेत, असा माझा हिशेब मी सेल्समनला मोठ्याने ऐकवला.

दुकानातल्या सोफ्यावर एक मालवणी आजी चपला काढून, पाय वर घेऊन जावयाची वाट बघत बसल्या होत्या. सेल्समनने तसल्याच चार ट्वीटरवाल्या स्पीकरवर गाणं लावलं तशा त्या उठल्या. आधी स्पीकरला जवळजवळ नाक लावलं, मग कानात बोट हलवत पार दारापर्यंत मागे गेल्या.

"आमच्या भजनात चार झांजवाले एका रांगेत बसतत," त्या तिथूनच मला म्हणाल्या. "फुडल्याचे कान किटतत, मागल्याक गॉड लागता. तू घरात बसतंस खंय?"

"स्पीकरपासून सहा फुटांवर," बायकोने परस्पर सांगितलं. "आणि सोफा तिथून हलणार नाही."

"मग मेल्या, अठ्ठावीस फूट कोणाक ऐकवतंस? चपलांच्या कपाटाक?"

सेल्समन हसला. मी हॉल इंचाइंचाने मोजला होता. ऐकणारा कुठे बसतो, हे मोजायचं राहिलं होतं.

एकेकच ट्वीटर असलेल्या स्पीकरच्या साध्या जोडीचे नव्वद हजार दुकानदाराला दिले. उरलेले एक लाख दहा हजार बायकोने सोफेवाल्याला दिले. नवा सोफा जुन्याच जागी आहे.